कणसावरचं पाणी

गोंदण म्हणजे काय, हे ज्यांनी कधी करून घेतलं नाही त्यांनी मला शिकवायला येऊ नये. उभ्या जन्मात मला ह्याबद्दल इतक्या जणींनी इतकं ऐकवलंय की आता कुणी तोंड उघडलं की डोक्यात तिडीकच जाते. म्हणून एकदा सगळं मीच सांगून टाकते, पार पहिल्यापासून. मग ज्याला नाक मुरडायचं त्यानं खुशाल मुरडावं.

आमचं गाव जेऊरच्या ठेसनाजवळचं. गावात मुसलमानाचं घर एकच, ते आमचं. बा मुलाणी, गावची बकरी हलाल करायचं काम त्याच्याकडं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, दुसरं बोलणार तरी कुणाशी? आईला नमाज येत होती तेवढी ती पढायची. ती कपाळ टेकून सजद्यात गेली की मी तिच्या पाठीवर चढून बसायची, आणि नमाज संपली की ती मला धपाटा घालायची. बानं मला गावच्या शाळेत घातलं होतं, म्हणून आज हे चार शब्द लिहिता येतायत.

सुगी झाली की गोंदणारीण गावात यायची. देवळाच्या पारावर ती आपल्या सुया घेऊन बसली की गावभर पोरींच्या किंचाळ्या ऐकू जायच्या. माझ्या सगळ्या मैतरणी गोंदून घेऊन आल्या. कुणाच्या कपाळावर टिकली, कुणाच्या हातावर तुळस. माझा हात कोराच. "तू कुणाचीच न्हाईस," म्हणून मला खेळात घेईनात. मी घरी येऊन असं भोकाड पसरलं की आई चुलीवरची भाकरी टाकून उठली आणि मला काखोटीला मारून पारावर घेऊन गेली.

गोंदणारीण म्हणाली, "काय काढू? तुळस काढू?"

"तुळस नगं बाई, आमच्यात चालत न्हाय," आई म्हणाली.

"मग सीतेची न्हाणी काढू का?"

"अगं बया! ती तर मुळीच नगं."

"मग काढू तरी काय, तूच सांग की. तुमच्यात चालतं तरी काय?"

आई खरंच विचारात पडली. तिला वाटत होतं, घोळ आहे तो सगळा चित्राचा. आपल्या धर्मात बसणारं चित्र शोधलं की झालं. पारासमोरच्या खळ्यात ज्वारीच्या कणसांचा ढीग पडला होता. तिकडं बोट करून ती म्हणाली, "कणीस काढ. कणीस काय, समद्यांच्यातच चालतंय की."

मी सुई बघून पळायच्या बेतात होते. तर आईनं काय करावं, आधी स्वतःचाच डावा हात पुढं केला. "बघ, मी रडती का?" म्हणाली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहतंय आणि बाई हसतीय! मग माझी पाळी. तिनं मला मांडीत आवळून धरलं, आणि मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, तिच्यासारखंच एक कणीस माझ्याही हातावर आलं. फक्त माझं जरा वाकडं, कारण मी हात ओढला. घरी येताना ती म्हणाली, "आता जत्रंत हरवलीस तर रडत बसायचं न्हाय. ह्यो हात दावायचा. लोक बराबर तुला माझ्याकडं आणून सोडतील."

हरवली मात्र ती. मी बारा-तेरा वर्षांची असताना तापानं गेली. आमच्यात मयताला न्हाऊ घालायला जाणत्या बाया लागतात, आणि गावात आमचं घर एकटं. शेजारच्या गावाहून माझी मावशी आणि एक म्हातारी बाई आली. चादरीचा आडोसा केला. म्हातारीनं मला विचारलं, "पानी तू घालशील का ग?" मी हो म्हणाले. त्या अंग चोळत होत्या आणि मी तांब्यानं पाणी घालत होते. डाव्या हातावर पाणी पडलं तेव्हा कणीस अगदी काळंभोर उठून दिसलं. हात गार होता, पण कणीस ताजं वाटत होतं. म्हातारीनं त्या हातावरून रीतीप्रमाणे तीन वेळा पाणी घालायला लावलं आणि पुढं गेली. मीही तेव्हा काही मनात आणलं नाही.

वर्षभरात बानं माझं लग्न करून दिलं. सोलापुरातलं घर, रंगाऱ्याचं. विणकरांना लागणारं सूत आमच्या घरी रंगायला यायचं. मागच्या दारी रंगाच्या कढया, अंगणभर बांबूंवर टांगलेल्या सुताच्या ओल्या लड्या, आणि घरातल्या पुरुषांचे हात कोपरापर्यंत निळे, कधी लाल. दीर नव्हते, नणंदा लग्न होऊन गेलेल्या. घरात सासरे, सासू, माझा नवरा आणि मी. सून म्हणून घरात आलेली मी एकटीच परकी.

बोलायची तर चोरीच झाली. ते सगळे दखनी बोलायचे, झरझर. मी तोंड उघडून "व्हय" म्हटलं की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. "अगे, ये तो मराठन लाई!" म्हणायच्या. मी तिथं बोलणंच कमी केलं. गिरणीचा भोंगा वाजला की उठायचं, चूल, पाणी, लड्या वाळत घालायच्या, आणि दिवसभर कुणाशी मनातलं एक अक्षर नाही. गावात मी बडबडी म्हणून बदनाम होते, आणि इथं माझा नवराच एकदा आईला विचारत होता, ही मुकी आहे का म्हणून. मला हसू आलं होतं, आणि मग कढयांमागं जाऊन मी पोटभर रडले होते.

तरी पहिले काही दिवस एक आधार होता. दुपारच्या नमाजेला आतल्या खोलीत सासू चटई अंथरायची, आणि मला आपल्या शेजारी उभं करायची. तेवढा वेळ आम्ही दोघी एका रांगेत. बोलायचं काही नसायचं, म्हणून चुकायचंही काही नसायचं. मला ते फार आवडायचं.

हेही टिकलं नाही. लग्नातली मेंदी उतरली आणि गोंदण झाकणाऱ्या चुड्याच्या हिरव्या बांगड्या थोड्या कमी केल्या, आणि एके दिवशी नमाजेआधी तोंड-हातपाय धुवायला, वजू करायला, बाह्या वर सारल्या तर सासूची नजर हातावर गेली.

"ये क्या है री?"

"गोंदण हाय, अम्मा. कणीस."

तिनं माझा हात हातात घेतला. ओला अंगठा त्या कणसावर घासला. पुन्हा घासला. मग हात सोडून दिला. "पानी नै पोंचता इसके नीचे," ती म्हणाली. "वजू नै होता तेरा."

मला आधी कळेचना. मग तिनं समजावून सांगितलं, आणि रागानं नाही बरं का, अगदी शिकवल्यासारखं. कणीक मळल्यावर नखात वाळलेलं पीठ राहिलं तर तेवढ्या जागी पाणी पोचत नाही, आणि सुईच्या टोकाएवढी जागा कोरडी राहिली तरी वजू होत नाही. हे मलाही माहीत होतं, आईनंच शिकवलं होतं. "नाखुन में जरासा आटा रहा तो नै चलता," सासू म्हणाली, "तेरे हात पे तो पूरा भुट्टा है!"

मी गप्प बसणारी नव्हते. मुकी असले तरी माझं डोकं चालू होतं. मी म्हणाले, "मग अब्बांचे हात? ते तर कोपरापर्यंत निळे."

सासू एकदम चिडली. म्हणाली, तो कामाचा रंग आहे, तो धुतला की उतरतो, तुझा उतरतो का? आणि सासऱ्याचं नाव काढायची हिंमत कशी झाली, वगैरे वगैरे. खोटं कशाला सांगू, सासऱ्यांच्या हाताचा रंगही कधी उतरलेला मी पाहिला नाही. ईदेलाही ते निळ्या हातांनीच गळाभेट घ्यायचे. पण मला तोंड आवरायला सांगितलं, मी आवरलं. रात्री नवऱ्याला हात दाखवला तर तो म्हणाला, "अम्मी को पूछ." झालं! त्याच्या लेखी जगातले सगळे प्रश्न अम्मीपाशी जाऊन संपायचे.

त्या दिवसापासून सासूनं एकच चटई अंथरायला सुरुवात केली. मला हाकललं नाही, मारलं नाही, जेवायला कमी दिलं नाही. नुसतं म्हणाली, ज्याचा वजूच नाही त्यानं नमाजेला उभं राहणं हा उलट गुन्हा. मी चुलीपाशी बसून आतल्या खोलीतल्या तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची. रुकूत वाकणं, सजद्यात जाणं, पुन्हा उभं राहणं, सगळं आवाजावरून कळायचं. रमजानात शेजारच्या बायकाही यायच्या आणि सगळ्या जणी ओळीनं उभ्या राहायच्या. मी उपास धरायची आणि दारात बसून त्यांची पोरं सांभाळायची. "इसका तो होता नै ना," असं कुणीतरी कुणाला तरी हलकेच सांगायचं. माझ्या काळजाला भोक पडायचं.

पण ते सगळं मी सोसलं असतं. माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच.

एक दिवस लड्या पिळताना हातावरून पाणी ओघळलं, कणीस काळंभोर झालं, आणि मला एकदम आईचा हात दिसला. मी घातलेलं पाणी. तिच्या हातावरून वाहून गेलेलं. मी तिथंच ओल्या सुतात खाली बसले. माझ्या हातावर पाणी पोचत नसेल तर आईच्या हातावर कसं पोचलं असेल? वजू माझा उद्या होईल, परवा होईल. पण मयताला एकदाच न्हाऊ घालतात. म्हणजे आई अर्धवट न्हालेली तशीच मातीत गेली? आणि पाणी घालणारी मी?

हे कुणाला विचारायचं? सासूला विचारलं असतं तर तिनं तेवढ्याच शांतपणे सांगितलं असतं, "नै पोंचा." ते ऐकायची माझी छाती नव्हती. बा गावाकडं, आणि त्याला विचारून उगाच त्याच्याही जिवाला घोर. मग मी एकटीच ते घेऊन हिंडायची. पाणी भरताना, भाकरी थापताना, सदा तेच. आई तिकडं कशी असेल? तिला कुणी आत घेतलं असेल का, का तीही माझ्यासारखी दारातच बसली असेल?

एकच उपाय सुचत होता. तिच्यासाठी दुआ मागायची. पण माझ्या समजुतीनं दुआ मागायला नमाज पाहिजे, नमाजेला वजू पाहिजे, आणि वजूला हात कोरा पाहिजे. आईसाठी मागायचं तर आईचं कणीस घालवायचं. कसला हा पेच, सांगा तुम्हीच! मी फार दिवस ते टाळलं. मग एका जुम्म्याला सासूला म्हणाले, "अम्मा, ह्ये काढून टाका."

तिचा चेहरा इतका फुलला की मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. तिनं बिबे आणले. विस्तवावर बिबा तापवला, सुईनं टोचला, आणि त्याचं काळं तेल सुईच्या टोकानं माझ्या हातावरच्या एकेका ठिपक्यावर ठेवत गेली. भयंकर आग होत होती. ती मात्र फुंकर घालत होती आणि म्हणत होती, "सबर कर बेटी, जरासा सबर कर." त्या घरात मला कुणी बेटी म्हटलेलं ते पहिल्यांदा. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. तिनंही मला मांडीशी आवळून धरलं होतं. फक्त ह्या वेळी काढायला नव्हे, पुसायला.

बिबा उतला. काही अंगांना तो चालतच नाही, माझं तसलंच अंग. हात सुजून मुसळासारखा झाला, तोंड सुजलं, डोळे उघडेनात, तापानं फणफणले. कातडी फोडासारखी वर आली आणि फुटली. सासू घाबरली. शेजारची विणकराची बायको तेलगूत तिला काय काय बोलली कोण जाणे, पण खोबरेल तेलाची वाटी घेऊन रोज येऊन बसायची. माझ्या हातावर पट्टी बांधली. वैद्यानं सांगितलं, जखमेला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

म्हणजे बघा! आधी पाणी पोचत नाही म्हणून ओरड, आणि आता खरोखरच पोचवायची सोय नाही. हे सासूच्या ध्यानात आलं तेव्हा तिचीच कोंडी झाली. तिनंच मला वचन दिलं होतं की गोंदण गेलं की चटईवर घेईन. मी उठून बसायला लागल्यावर बुरखा घालून ती मला मौलवीसाहेबांच्या घरी घेऊन गेली, पट्टीवरून वजू कसा करायचा ते विचारायला.

मौलवीसाहेब वरच्या मुलखातले. उर्दू अशी की मला निम्मी डोक्यावरून जायची. आम्ही पडद्याआड बसलो. सासूनं विचारलं. ते म्हणाले, सोपं आहे, ओला हात पट्टीवरून फिरवायचा, झालं. मग त्यांनी सहज विचारलं, "हाथ जला कैसे?"

सासूनं खुशीनं सांगितलं. तिला वाटलं असणार, शाबासकी मिळेल.

मग ते म्हणाले, "आपका बेटा मस्जिद के हौज पर वजू करता है. उसके हाथ नीले होते हैं. मैंने कभी उसे नमाज की सफ से हटाया?"

सासू म्हणाली, "नै."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्द न् शब्द नाही, पण मतलब पक्का आठवतो. पीठ, मेण, डांबर यांचा थर बसतो, तो पाणी अडवतो. रंग थर धरत नाही. तो अंगात मुरला की तीच कातडी झाली, आणि पाणी कातडीला लागलं की वजू झाला. ते म्हणाले, रंगाऱ्याच्या घरात हे मी सांगायला नको होतं. गोंदणं आपल्यात मना आहे हे खरं, करू नये. पण न कळत्या पोरीवर त्याचा गुन्हा नाही. आणि ते जाळून काढा, अंगाला इजा करा, असं कुणी सांगितलं? वजू होत होता. पहिल्या दिवसापासून होत होता.

सासूच्या हातातली जपाची माळ, तसबीह, खाली पडली. आणि मी, त्या घरातली मुकी, मोठ्यानं बोलले. उर्दू कुठून आणणार? मराठीच आली.

"आणि मयताचं? माझी आई गेली तेव्हा तिच्या हातावर असंच कणीस होतं. पाणी मी घातलं होतं. ते पोचलं का?"

मौलवीसाहेबांना समजलं नाही. "क्या पूछ रही है?" त्यांनी सासूला विचारलं.

सासूला बाजारापुरती मराठी येत होती, आणि हे तिला पुरतं समजलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. इतके दिवस मी काय उरात घेऊन तिच्या घरात भांडी घासत होते ते तिला त्या क्षणी कळलं. मग तिनं माझा प्रश्न त्यांना सांगितला. "इसकी माँ..." एवढं म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "इसकी माँ के हात पे भी था. नहलाते वक्त पानी इसने डाली. पूछ रई है, पोंचा क्या."

"पहुँच गया," ते म्हणाले. "बेटी से कहो, पानी पहुँच गया. वो पाक गई." आणि मग, आईनं ते गोंदण जाणून केलं नव्हतं, तिच्यासाठी माफी मागत राहा, असंही म्हणाले. पण माझं लक्ष नव्हतं. मी पडद्याआड पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते, आणि सासू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्या दुपारी तिनं दोन चटया अंथरल्या. माझ्या पट्टीवरून तिनं स्वतःचा ओला हात फिरवला. मला वाटतं तिला माफी मागायची होती, पण तिला ती येत नव्हती. मलाही ती देता आली नाही. पुढं मरेपर्यंत ती मला बेटी म्हणत राहिली आणि मी तिची सेवा केली. पण माझ्या हाताकडं ती कधी बघायची नाही.

पट्टी सुटली तेव्हा कणीस गेलं होतं. पार, एक ठिपकाही उरला नव्हता. तिथं आता पांढरट, गुळगुळीत डाग आहे, ताणलेल्या कातड्याचा. बिब्यानं आतल्या शिराही जाळल्या असाव्यात. तिथं चिमटा काढला तरी लागत नाही, विस्तवाची धग लागत नाही.

सगळे गेले. सासू, सासरे, नवरा. मी अजून पाच वेळा वजू करते. तोंड धुते, उजवा हात धुते. मग डाव्या हातावर पाणी घेते. मनगटावर गार लागतं, कोपरावर गार लागतं. मधल्या तेवढ्या जागेवरून पाणी वाहताना मला डोळ्यांनी दिसतं. पोचतं, असं मौलवीसाहेब म्हणाले होते, आणि पोचतही असेल. मला मात्र तिथं काही कळत नाही.